आंघोळीआधी बादली

मंगळवार, ४ मार्च

दादा,

घडलं ते असं.

१. २३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३.५८. प्रयोगशाळेने वॉर्ड सहा, खाट अकरा या रुग्णाच्या रक्ततपासणीचा अहवाल पाठवला. पोटॅशियम ७.१. एवढ्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं.

२. अहवाल आमच्या ॲप्लिकेशन सर्व्हरने स्वीकारला. हा सर्व्हर प्रयोगशाळेची यंत्रं आणि वॉर्डांतले स्क्रीन यांच्या मधोमध असतो. इकडून घेतो, तिकडे देतो. प्रयोगशाळेच्या स्क्रीनवर हिरवी खूण आली.

३. दुपारी ४.१०. सर्व्हर ठरल्या वेळी बंद करून पुन्हा सुरू करण्यात आला. त्याची मेमरी आठवडाभरात भरत जाते, म्हणून दर रविवारी असं करावं लागतं.

४. बंद करताना वॉर्डांकडे जायचे ३१ अहवाल सर्व्हरच्या मेमरीत थांबलेले होते. पुन्हा सुरू झाल्यावर त्यातला एकही उरला नाही.

५. बंद करण्याआधी थांबलेले अहवाल पुढे जाऊ द्यावेत, ही पायरी लेखी कार्यपद्धतीत नव्हती.

६. ५.०२ वाजता सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन करण्यात आला. तक्रार नोंदवली गेली.

७. तीस अहवाल वॉर्डांनी विचारणा केल्यावर पुन्हा पाठवण्यात आले. एकतिसावा कोणी मागितला नाही. वॉर्ड सहाच्या स्क्रीनवर ‘तपासणी चालू’ असंच दिसत राहिलं.

८. संध्याकाळी ७.०५. रुग्णाचं हृदय थांबलं. सहा मिनिटांनी ते चालू करता आलं. रुग्ण शुद्धीवर नाही. स्त्री, वय ४६, व्यवसाय शिवणकाम.

९. सर्व्हर बंद-चालू करणारे कर्मचारी निलंबित आहेत.

हे चौकशी समितीला द्यायचं निवेदन आहे, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही त्यात आहेत. नववा मुद्दा म्हणजे मामा. सगळं ऑफिस ज्यांना मामा म्हणतं आणि ज्यांना सख्खा भाचा एकही नाही, ते यंत्रकक्षातले मामा. निवृत्तीला सात महिने राहिले होते. समितीने त्यांना दोषी ठरवलं तर नोकरी जाईल, आणि पोलिसांत तक्रारही होईल.

काम असं आहे की तुझ्याकडे एक वही आहे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तू आणि मामा मिळून वर्षभर लिहीत होतात ती. तू कंपनी सोडलीस तेव्हा ती कपाटात नव्हती, म्हणजे तुझ्याकडे असावी. ती मला पाठव. नोंदींसाठी हवी आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ऑफिसच्या मेलवर हे लिहायची सोय नाही. पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार वगैरे घातला नाही. तीन वर्षांनी घातला असता तर तुला ती चेष्टा वाटली असती.

आई बरी आहे. गुडघा तसाच.


रविवार, ९ मार्च

दादा,

उत्तर नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे पोचलं आहे.

गुरुवारी समितीपुढे पहिली सुनावणी झाली. रुग्णालयाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एरवी जिथे परिचारिकांचं प्रशिक्षण चालतं त्या खोलीत. कोपऱ्यात सरावाचा प्लॅस्टिकचा माणूस खाटेवर पडलेला होता आणि त्याला तिथून हलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. समितीत तिघं आहेत. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, दुसरे एक डॉक्टर, तिसरे अभियांत्रिकीचे प्राध्यापक.

अध्यक्षबाईंच्या हातात यंत्रकक्षाची रोजची नोंदवही होती. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “‘जावयाला आंघोळ घातली. ४.१०. शांत.’ हे काय आहे?”

मामा उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. “सर्व्हर रीस्टार्ट केला, बाई.”

“जावई कोण?”

“सर्व्हरच.”

“त्याला जावई का म्हणता?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं.

“येताना मोठा थाट असतो त्याचा,” मामा म्हणाले. “बसायला सगळ्यात मोठी जागा लागते. जरा कमी-जास्त झालं की रुसतो. आणि घरातल्या कोणाला त्याच्याबद्दल वाकडं बोलायची सोय नाही, कारण आणलाय थोरल्यांनी.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. प्राध्यापकांनीही तोंडावर हात धरला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“एक बाई वरच्या मजल्यावर बेशुद्ध आहे. आणि तुम्ही नोंदवहीत जावई, आंघोळ असलं लिहिता?”

“लिहिलं तेव्हा ते माहीत नव्हतं, बाई,” मामा म्हणाले. “लिहिलं तेव्हा तो खरंच शांत होता.”

आमच्या वकिलांनी ‘थट्टा’ असा शब्द वहीत लिहून त्याला चौकट केली. मी शेजारीच बसले होते, म्हणून दिसलं. नाव तू ठेवलेलं. वकिलांना ते माहीत नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मग प्राध्यापकांनी मला विचारलं, “मेमरी गळते हे तुम्हाला विकत घेण्याआधी माहीत होतं?”

“हो.”

“चाचणी कोणी केली होती?”

“मी.”

“मग घेतला कसा?”

मी म्हटलं की निर्णय सर्व बाबींचा साकल्याने विचार करून घेण्यात आला. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांनाही कंटाळा आल्यासारखं वाटलं.

खरं उत्तर तुला माहीत आहे, पण मी ते कधी शब्दांत मांडून पाहिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत सर्व्हरबद्दल बोलणं जेमतेम दहा मिनिटं झालं. तुझी तीन पानं प्रत्येकासमोर होती, दोन सर्व्हरची तुलना: मोठा, म्हणजे आताचा जावई, आणि तुला हवा असलेला छोटा. मोठ्याला सुरू व्हायला अकरा मिनिटं, छोट्याला चाळीस सेकंद. मोठ्याची मेमरी आठवड्यात भरते, छोट्याची महिनाभर हलत नाही. मोठ्याला एक बदल करायचा तर सात फायली उघडाव्या लागतात. आकडे माझे होते, मांडणी तुझी. एकानेही एकही आकडा खोडून काढला नाही. मोठे साहेब म्हणाले, “हे सगळं मान्य. पण पडला तर फोन कोणाला करायचा?”

तू म्हणालास, “मला करा.”

“तुला केला की काय होईल?”

“मी दुरुस्त करेन.”

“आणि रुग्णालयाने मला विचारलं, बघतंय कोण, तर काय सांगू? आमच्याकडे एक हुशार गृहस्थ आहेत, त्यांचा नंबर देतो?”

सगळे हसले. तूही हसलास, थोडा.

मग बाकीचं आपोआप आलं. रुग्णालयांच्या कंत्राटाच्या अर्जात सर्व्हरचं नाव विचारणारा रकाना असतो आणि त्यात निवडायला चारच नावं असतात. तुझ्या छोट्याचं नाव त्यांत नव्हतं. मोठ्यावर काम केलेली माणसं बाजारात शेकड्याने मिळतात. आपले जुने प्रोग्राम आधीच त्याच्या पद्धतीने लिहिलेले होते. आणि खरेदी विभागाच्या बाई म्हणाल्या ते वाक्य मला अजून आठवतं: “अहो, हा पडला तर सगळ्यांचाच पडलेला असेल. मग आपल्याला कोण विचारतंय? तुमचा तो छोटा पडला, तर फक्त आपला पडेल.”

त्यात मूर्खपणा नव्हता, दादा. तुला तेव्हा तो मूर्खपणा वाटला आणि तू तसं म्हणालासही. ते सर्व्हर निवडतच नव्हते. पडल्यानंतर आपण कुठे उभे असू, एवढं ते निवडत होते. तुझ्या तीन पानांत त्याचा आकडा नव्हता.

शेवटी साहेबांनी मला विचारलं, “चाचणी तुझी आहे. तुझं काय?” तू माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. माझं उत्तर तू गृहीत धरलं होतंस.

मी म्हणाले, “उद्या दादा नसला तर?”

ऑफिसात मी तुला कधी दादा म्हणत नसे. तोंडातून गेलं. या वेळी सगळे मोकळेपणाने हसले, आणि मतं मोजायची गरज उरली नाही. घरी जाताना तू गाडीत म्हणालास, “वाक्य चांगलं होतं.”

तरीही तू वर्षभर राहिलास आणि न मागितलेला जावई नीट सांभाळलास. नंतर का गेलास असं कोणी विचारलं तर मी माहीत नाही म्हणते.

वहीचं बघ. पुढची सुनावणी २४ तारखेला आहे.


शुक्रवार, १४ मार्च

दादा,

तुझं पाकीट काल मिळालं. आत माझंच पहिलं पत्र. पाचव्या मुद्द्यात ‘नव्हती’ या शब्दाखाली लाल रेघ, आणि समासात तुझ्या अक्षरात तीन शब्द: ‘नव्हती की काढली?’

तू माझा कोड तपासायचास तेव्हाही असंच करायचास. चूक सांगायची नाही, जिथे चूक आहे तिथे प्रश्न ठेवून उठून जायचं.

काढली. मी काढली.

आता नीट लिहिते. सर्व्हरच्या पुस्तकात लिहिलं आहे की बंद होताना थांबलेले अहवाल तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि उठल्यावर परत घेतो. तू आणि मामांनी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शोधलंत की मेमरी जवळजवळ भरलेली असेल तर तो लिहीत नाही. गप्प टाकून देतो. म्हणजे ज्या दिवशी त्याला आंघोळ लागते, नेमका त्याच दिवशी. मग तुम्ही एक पायरी घातलीत: आधी नवे अहवाल घेणं थांबवायचं, थांबलेले सगळे पुढे जाईपर्यंत वाट पाहायची, आकडा शून्य झाला की मगच बंद. वहीत तू लिहिलंस, ‘आंघोळीआधी बादली रिकामी करा.’ मामा म्हणाले होते, “जगात आंघोळीआधी बादली भरतात, तुझ्याकडेच उलटं.” त्यावर आपण तिघं पोट धरून हसलो होतो. दर रविवारी बादलीत किती अहवाल होते तो आकडा तुम्ही वहीत मांडत गेलात.

वर्षाने लेखी कार्यपद्धती करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या पानावर ‘लेखक’ म्हणून माझं एकटीचं नाव येणार होतं. तोवर माझं नाव कुठेही आलं तरी तुझ्या खाली आलेलं. तुझ्या वहीवरून एकेक पायरी मी नीट भाषेत घेत होते. आंघोळचं पुनरारंभ केलं. जावईचं सर्व्हर केलं. वहीच्या पान सत्तावीसला बादली आली.

विकणाऱ्या कंपनीचा सल्लागार, ज्याला आपण टाय म्हणायचो, माझ्या टेबलाशी बसला होता. भर उन्हाळ्यात टाय. तो वाचून म्हणाला, “मॅडम, हे वाक्य सहीच्या कागदात आलं, तर आमचा सर्व्हर अहवाल गमावतो असं तुम्ही लिहून देताय.”

“गमावतोच.”

“आमच्या पुस्तकात तसं नाही. आमच्याकडे तक्रार नोंदवली आहे का कधी?”

“नाही. आम्ही तोडगा काढला.”

“मग अडचण नाहीच ना.”

मी वहीत त्या ओळीवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘हे नको.’ खाली आद्याक्षर. तुला दुसऱ्या दिवशी ते दिसलं. त्या आठवड्यात तू गेलास, आणि वहीही.

मी टायला घाबरले नव्हते. त्याला मी अर्ध्या तासात गप्प केलं असतं. आकडे माझ्या बाजूने होते. मी ती ओळ वाचली आणि मला ती तुझी वाटली. माझं नाव असलेल्या कागदात तुझी बादली नको होती. बाकी कारण नाही. शोधलं, मिळालं नाही.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी वही ‘नोंदींसाठी’ मागितली. ती समितीला द्यायची की नाही हे तेव्हा ठरलं नव्हतं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. ठरलं होतं. द्यायची नाही असं. तुला ते पहिल्याच वाचनात कळलं असणार.

बुधवारी मी वॉर्डात गेले. चौकशी चालू असताना जायचं नाही अशी वकिलांची सूचना होती. ती बाई आता अतिदक्षता विभागाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. तिने डोळे उघडले आहेत. पण डोळे कुठे लागत नाहीत. आपल्या खांद्यावरून मागे कोणी उभं असावं तसं पाहते. बोटांवर सुईच्या जुन्या टोचण्यांनी कातडी जाड झालेली. मुलगी बाकावर बसली होती, वीसेक वर्षांची, मांडीवर एक अर्धवट शिवलेला झगा. शिलाई उसवत होती.

“आईचं काम अडलंय,” ती म्हणाली. “ज्यांचं कापड आहे त्यांना परत द्यायचंय. तुम्ही डॉक्टर?”

“नाही. मी सर्व्हरचं काम बघते. अहवाल ज्यातून येतात त्याचं.”

तिने उसवणं थांबवलं नाही. “म्हणजे तो जावई का काय म्हणतात तो. पेपरात आलं होतं.”

“हो.”

“त्या दिवशी तुम्ही होता?”

“होते.”

“कळलं तुम्हाला, की रिपोर्ट हरवलेत?”

“पाच वाजता.”

“मग काय केलंत?”

“फोन केला.”

“कोणाला?”

मी सांगितलं, ज्यांचा सर्व्हर आहे त्या कंपनीला. पन्नास मिनिटं मी फोनवर होते. आधी संगीत, मग एक मुलगी, मग पुन्हा संगीत, मग अकरा आकडी तक्रार क्रमांक. शेवटी ती मुलगी फार नम्रपणे म्हणाली की ही अडचण त्यांच्या नोंदीत आधीपासून आहे, पुढच्या आवृत्तीत पाहिली जाईल.

“आणि वॉर्डात?” तिने विचारलं. “वॉर्डात फोन नाही केला?”

“नाही.”

“एकतीस रिपोर्ट. एकेका वॉर्डाला फोन केला असता, तर किती वेळ लागला असता?”

मी नंतर हिशेब केला. नऊ वॉर्ड. वीस मिनिटं. त्या वेळी मला ते सुचलं नाही, कारण फोन कोणाला करायचा हे चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कार्यपद्धतीत तो नंबर आहे. तो मीच घातला आहे, ठळक अक्षरांत.

उठताना मी म्हटलं, “मी पुन्हा येईन.” ती म्हणाली, “येऊन काय करणार?” त्यात राग नव्हता. तिला खरोखर माहिती हवी होती.


रविवार, १६ मार्च

दादा,

हे शेवटचं पत्र. नाटकासाठी म्हणत नाही, यापुढे लिहिण्यासारखं उरलेलं नाही.

वकिलांनी माझ्या निवेदनाचा सुधारलेला मसुदा पाठवला आहे. पाचवा मुद्दा आता असा आहे: ‘सदर पायरी संबंधित कर्मचाऱ्यास तोंडी सांगण्यात आलेली होती.’ शुक्रवारी, २१ तारखेला सही करायची. वाक्य खोटं नाही. मामांना तोंडी सांगितलेली होतीच, तूच सांगितली होतीस. सही झाली की कागद निर्दोष, मी निर्दोष, कंपनी निर्दोष, आणि जावई तर काय, तो कधीच दोषी नसतो. उरतात मामा. सांगितलेलं विसरले, वर नोंदवहीत थट्टा केली.

मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलापर्यंत आले. “तुला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये,” ते म्हणाले. ते खरंच सांगत नव्हते.

काल मामांकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तुला माहीत आहेत. मामी झोपल्या होत्या. मामा खिडकीत बसून रेडिओ उघडून त्यातली धूळ ब्रशने काढत होते. मला पाहून म्हणाले, “ये गं. बघ, निलंबन झालं तेव्हा कुठे याला आंघोळ मिळाली.”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. “मामा, बादलीची ओळ मी काढली होती.”

“बैस आधी.”

“मी काढली. वहीत रेघ माझी आहे.”

“माहीत आहे की,” ते म्हणाले. “तुझा दादा जाताना सांगून गेला होता. म्हणाला, तिने कागदातून काढलंय, पण तुम्ही रविवारी बादली उपसत जा. तीन वर्षं उपसली. कोणाला कळवलं नाही. पंधरा-वीस मिनिटांचं तर काम.”

“मग त्या रविवारी का नाही?”

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. फेब्रुवारीत ते गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासाठी तपासणारे लोक आले होते ना, ते त्या रविवारी मामांच्या मागे खुर्ची टाकून बसले होते, हातात माझी कार्यपद्धती घेऊन. मामांनी अहवाल घेणं थांबवलं, तसं त्यांच्यातला एक म्हणाला, हे यात कुठे आहे? मामा म्हणाले, यात नाही, पण आम्ही करतो. तो म्हणाला, लिहिलंय तेवढंच करा, नाहीतर शेरा द्यावा लागेल, आणि शेरा ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्या नावावर जाईल.

“तुझ्या नावावर गेला असता,” मामा म्हणाले. “आणि मला वाटलं, तीन वर्षं झाली. पुढची आवृत्ती आली असेल, दोष निघाला असेल, आपणच जुन्या सवयीने उपसत बसलोय. कागद तुझा. तू शिकलेली मुलगी. तुझ्या कागदात नाही म्हणजे नसेल लागत.”

मी एवढंच विचारलं:

“हे समितीला का नाही सांगितलं?”

“त्यांनी जावई कोण एवढंच विचारलं,” ते म्हणाले. मग ब्रश पुन्हा उचलून, “आणि तू कागदाकडे बघत होतीस.”

निघताना जिन्यापर्यंत आले. “दादाचं काही कळतं?” मी नाही म्हटलं. “त्याचा नंबर तोच आहे,” ते म्हणाले. “मी दर महिन्याला करतो. उचलतो माझा.”

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या रविवारी पाच वाजता, मी संगीत ऐकत बसले होते तेव्हा, एक फोन असा होता की तो केला असता तर तू दोन मिनिटांत म्हणाला असतास, वॉर्डांना फोन कर आधी. नंबर मला पाठ आहे. तू बैठकीत ‘मला करा’ म्हणालाच होतास. मामांच्या फोनवरून केला असता तरी चाललं असतं. ते शेजारीच उभे होते.

मी शुक्रवारी सही करणार नाही. २४ तारखेला मी समितीला सांगणार आहे की पायरी होती, आणि मी काढली. की मदत-क्रमांकावर फोन मी केला आणि वॉर्डात केला नाही. की मेमरी गळते हे आम्हाला विकत घेताना माहीत होतं, आणि तरी का घेतला, तेही, फोन कोणाला करायचा इथपासून. नोकरी राहणार नाही. पुढे काय होईल याचा अंदाज आहे, लिहीत नाही.

पण माझं नुसतं बोलणं पुरणार नाही. वकील म्हणतील, मुलगी हळवी आहे, म्हाताऱ्यासाठी स्वतःवर घेतेय. सर्व्हर विकणारे म्हणतील, असा दोषच नाही, यांच्याकडे पुरावा काय? पुरावा वहीत आहे. वर्षभराचे रविवार, प्रत्येक रविवारी बादलीत किती अहवाल होते ते, तुझ्या आणि मामांच्या अक्षरात. आणि पान सत्तावीसवर माझ्या.

आत्ता आई मागे येऊन उभी राहिली. “कोणाला लिहितेस?” म्हटलं, ऑफिसचं आहे. “ऑफिसचं काम हाताने कधीपासून लिहायला लागलीस?” असं म्हणून ती आत गेली. मग आतूनच म्हणाली, “त्याला म्हणावं, गुडघ्याचं काही विशेष नाही.” मी तिला पहिलं पत्र दाखवलेलं नव्हतं.

एक विनंती. वही मला पाठवू नकोस. समितीच्या सचिवांना थेट पाठव. पत्ता पाकिटाच्या आत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. माझ्याकडे आली तर पान सत्तावीस तीन-चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात राहील, आणि एकदा त्या पानापाशी मी काय केलं ते तुला माहीत आहे.

पाठवणार असशील तर ‘हो’, नसशील तर ‘नाही’, एवढं एका ओळीत मला गुरुवार, २० मार्चपर्यंत कळव.